राखाडी पाण्याचा माग: पारसिकच्या उतारापासून खाडीपर्यंत

"चोळून बघा," कोळीवाड्यातल्या मावशी म्हणाल्या.

आमच्यासमोर दोन घमेली होती. एकात खाडीचा नेहमीचा चिखल, काळसर, लोण्यासारखा मऊ, कुजलेल्या पानांचा वास असलेला. दुसऱ्यातला चिखल त्याच खाडीतला, पण एका नाल्याच्या तोंडाशी काढलेला. राखाडी, बिनवासाचा, बोटांत धरला की कचकचणारा. "पयला आमचा. ह्यो आमचा नाय, डोंगराचा हाय," असं म्हणून त्यांनी हात धुतले.

पुढचे आठ महिने आम्ही जे काही केलं ते या एका वाक्याची शहानिशा होती. मावशींचं निदान बरोबर निघालं, मात्र डोंगराचा जो भाग सगळे बोट दाखवून सांगत होते तो चुकीचा होता. हे प्रकरण लिहून काढण्याचं कारण तेच. कोळीवाडा, कारखाना, अधिकारी यांची नावं आणि नेमकी जागा मुद्दाम गाळली आहे. नवी मुंबईत राहणाऱ्याला भूगोल ओळखीचा वाटेल, तेवढा पुरे.

डोंगर, पट्टी, खाडी

ठाणे-बेलापूर रस्त्यावर उभं राहून पूर्वेला पाहिलं की पारसिकची रांग दिसते आणि तिला जागोजागी कापलेली पिवळट-करडी भिंत दिसते. या दगडखाणी. शहर उभं राहत असताना खडी इथूनच गेली. रस्ता आणि डोंगर यांच्यामध्ये एमआयडीसीची लांब पट्टी, रस्त्याच्या पश्चिमेला रेल्वे, मग नोड, म्हणजे शहराचे वस्तीचे विभाग, मग कांदळवन आणि खाडी. डोंगरावरून निघालेला प्रत्येक ओढा या सगळ्यांच्या पोटातून जातो. वर तो ओढा असतो, एमआयडीसीत शिरताच काँक्रीटचा नाला होतो आणि खाली पोचेपर्यंत लोक त्याला गटार म्हणायला लागतात. ही नावं पुढे कायद्याच्या भाषेत आमच्या अंगाशी आली, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

शहराचा बराचसा भाग मोठ्या भरतीच्या पातळीखाली आहे. म्हणून सिडकोने नाल्यांच्या तोंडाशी होल्डिंग पाँड, म्हणजे धारण तलाव बांधले. त्यांना झडपा आहेत. भरती चढली की पाण्याच्या दाबाने झडप बंद होते, वरचं पाणी तलावात थांबतं आणि ओहोटीला दार उघडून बाहेर जातं. आगरी-कोळी शेतकऱ्यांच्या खाजणातल्या उघाडीचंच, म्हणजे बांधातल्या पाणी अडवणाऱ्या दाराचंच, हे मोठं भावंड. व्यवस्था चांगली आहे, पण थांबलेल्या पाण्यातून गाळ खाली बसतो. तलाव उथळ होतो, उथळ जागी तिवर उगवते, आणि एकदा कांदळवन आलं की गाळ काढायला उच्च न्यायालयाची परवानगी लागते. नवी मुंबईतल्या तलावांचा हा जुना तिढा आहे. तेव्हा गाळ कुठून येतो हा प्रश्न फक्त मासेमारीचा उरत नाही. पावसाळ्यात कुणाच्या सोसायटीत पाणी शिरणार, हेही त्यावर ठरतं.

कोळीवाड्याची तक्रार साधी होती. नाल्याच्या तोंडाशी निवट्यांची, चिखलात राहणाऱ्या त्या छोट्या माशांची, बिळं दिसेनाशी झाली. चिंबोऱ्या बाहेरच्या बाजूला सरकल्या. तिवरांची श्वासमुळं, चिखलातून पेन्सिलींसारखी वर येतात ती, जवळजवळ टोकापर्यंत बुजली. पाग टाकला की जाळ्यात राखाडी साय येते. दोन पावसाळे अर्ज झाले. पहिल्या अर्जावर उत्तर आलं की ठाण्याची खाडी मुळातच गढूळ आहे. दुसऱ्याच्या वेळी नमुना घेतला गेला, तोही जुलैत. निष्कर्ष अर्थातच 'पावसाळी माती' असा होता.

(तिसऱ्या अर्जात आम्ही फ्लेमिंगोंचा उल्लेख केला. ऐरोली आणि वाशीच्या पुलांमधला खाडीचा पट्टा २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेला. निवटीसाठी जे टेबल हलत नव्हतं ते फ्लेमिंगोसाठी हललं. याचा आनंद मानायचा की वाईट वाटून घ्यायचं, हे आमचं अजून ठरलेलं नाही.)

वाया गेलेले पंधरा दिवस

काम करणारे आम्ही तिघं. मी पर्यावरण अभियांत्रिकी शिकवून निवृत्त झालेला. भूगर्भशास्त्र शिकणारी एक विद्यार्थिनी. आणि मावशींचा पुतण्या, एमआयडीसीत फिटर, सुट्टीच्या दिवशी होडीवर. सुरुवात आम्हीही तिथूनच केली जिथून सगळे करतात, म्हणजे जिथे नुकसान दिसतं तिथून. नाल्याच्या तोंडाशी उभं राहून सहा दिवस सहा बाटल्या भरल्या. सगळ्या गढूळ. कधी कमी, कधी जास्त, आणि कशाचा कशाशी मेळ नाही.

कारण सांगायला कुणी शास्त्रज्ञ लागला नाही. पुतण्याचे आजोबा ओट्यावर बसून आमची वही पाहत होते. त्यांनी विचारलं, "तिथी कंची होती?" आम्ही तारखा आणि वेळा लिहिल्या होत्या, तिथी कुठे लिहिलेली नव्हती.

मुंबईच्या किनाऱ्यावर जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा, पुनवेला सव्वाअकराच्या सुमारास. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण घरात भरतीचं कोष्टक नसलं तरी अडत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण, तेव्हा पाणी दूरवर आत शिरतं आणि तळाचा चिखल ढवळून काढतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी मवाळ असतं. आम्ही आमच्या बाटल्यांवर तिथ्या लावल्या आणि कोडं सुटलं. ज्या दिवशी उधाण, त्या दिवशी गढूळपणा जास्त. सहा दिवस आम्ही नाला मोजतच नव्हतो, चंद्र मोजत होतो.

म्हणून दोन नियम केले. एक, नमुना घ्यायचा तो अष्टमीच्या आगेमागे दुपारी, कारण सकाळी-संध्याकाळी सहाला भरती म्हणजे बाराच्या सुमारास ओहोटी. दोन, भरतीचं पाणी जिथवर पोचतं त्याच्या वर जायचं. ती हद्द शोधायला घरगुती आरओवाल्यांकडचा टीडीएस पेन कामी आला. गोड्या नाल्यात तो दोनशे-तीनशे दाखवी, खाऱ्या पाण्यात आकडा पेनाच्या आवाक्याबाहेर जाई. रेल्वेच्या मोरीपर्यंत, म्हणजे रुळांखालच्या छोट्या पुलापर्यंत, खारट, मोरीच्या वर गोडं. आमची मोजणी मोरीच्या वर सुरू झाली.

या पेनाने एक गैरसमजही पसरवला. जवळच्या सोसायटीतले एक गृहस्थ नाल्यात पेन बुडवून आले आणि म्हणाले, "अडीचशे आहे, पाणी उत्तम आहे." टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार. दगडाची पूड विरघळत नाही, तरंगते. दुधासारखं पांढुरकं पाणीसुद्धा या पेनाला स्वच्छ वाटतं. आपल्याला हवे असतात निलंबित घन पदार्थ, आणि ते मोजायचे तर ठरावीक आकारमानाचं पाणी गाळणकागदातून गाळून, कागद १०५ अंशांच्या आसपास सुकवून, वजन करावं लागतं. प्रयोगशाळेचं काम. रोजच्यासाठी आम्ही मीटरभर उंच पारदर्शक नळी घेतली, तळाला काळी-पांढरी चकती चिकटवली, आणि वरून बघत चकती दिसेनाशी होईपर्यंत पाणी ओतत गेलो. किती सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली तो आकडा वहीत.

खालून वर

जानेवारीत सुरुवात केली, त्यामागे हेतू होता. इथे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्या काळात प्रत्येक ओढा लाल होतो, आणि 'डोंगर वाहतोय हो' या उत्तरापुढे बोलता येत नाही. जानेवारीत डोंगर वाहत नाही. जानेवारीत नाला गढूळ असेल तर त्यात कुणीतरी काहीतरी सोडतंय, एवढं साधं आहे. कोरड्या महिन्यातला एक नमुना पावसाळ्यातल्या दहा नमुन्यांना भारी पडतो.

चालायचं खालून वर, म्हणजे आपल्या पायांनी ढवळलेलं पाणी पुढच्या बाटलीत येत नाही. प्रत्येक संगमावर तीन बाटल्या: मिळणाऱ्या फाट्याच्या वरची, फाट्यातली आणि दोन्ही मिसळल्यावरची. बाटलीचं तोंड प्रवाहाकडे, धारेच्या मध्यात, तळाला न टेकवता. मोरीपासून खाणीच्या पायथ्यापर्यंत असे पाच संगम होते. रात्री सगळ्या बाटल्या खिडकीत ओळीने मांडल्या, आणि अहवाल येण्याआधीच त्या बोलायला लागल्या. तीन फाटे स्वच्छ. दोन राखाडी.

विद्यार्थिनीने इथे एक उपयोगाची गोष्ट दाखवली. पारसिक हा बेसाल्ट, दख्खनच्या लाव्हाचा दगड. तो ऊन-पावसात झिजला की त्यातलं लोह गंजतं आणि माती तांबूस होते. तोच दगड नुकताच फोडला तर पूड निळसर-राखाडी निघते. म्हणजे लाल गाळ हा मातीचा, राखाडी गाळ हा ताज्या फोडलेल्या दगडाचा. रंग ही खूण आहे, पुरावा नव्हे, पण मार्ग दाखवायला पुरेशी.

तिची दुसरी युक्ती फसली. पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक वाळलेल्या गाळावरून फिरवलं तर राखाडी पूड चिकटली, कारण बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकाला चिकटणारं लोहखनिज असतं. आम्ही फार खूश झालो. मग तिनेच सोसायटीच्या कुंडीतली माती घेऊन बघितली. तीही चिकटली. इथली मातीसुद्धा याच दगडाची लेक. ते पान वहीत तसंच ठेवलं आहे, खाडाखोड न करता.

दोन राखाडी

पहिला राखाडी फाटा रस्त्यालगतच होता आणि वर रेडीमिक्स काँक्रीटचा प्लांट. मिक्सर धुतलेलं पाणी गटारात जाताना दिसत होतं. त्या दिवशी आम्ही जवळजवळ अर्जच लिहिला होता. पुतण्या म्हणाला, "थांबा सर, याच्यात हात घालून बघा, चुरचुरतं." खरंच चुरचुरत होतं. सिमेंटचं पाणी चुन्यासारखं विम्ल, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं, असतं. पीएचची पट्टी टेकवली तर गडद निळी, बाराच्या जवळ. दुसऱ्या फाट्यातलं राखाडी पाणी मात्र आठच्या आसपास, म्हणजे जवळजवळ साधं. दिसायला जुळी भावंडं, पण आई वेगळी.

मग मावशींच्या घमेल्यातला गाळ कोणाचा? तो ऊर्ध्वपतित पाण्यात ढवळून पट्टी लावली तर विम्लता फारशी नाही. पण खाडीत महिनोन्‌महिने धुतला गेलेला सिमेंटचा गाळही मवाळ होऊ शकतो, तेव्हा या चाचणीवर सगळा भार टाकणं चूक झालं असतं. निर्णायक ठरला तो संगमाचा हिशेब. रेडीमिक्सच्या फाट्याखाली नळीतली चकती दोन-चार सेंटिमीटरांनी अंधूक होई. दुसऱ्या फाट्याखाली ती हातभर पाण्यातून थेट बोटभर पाण्यावर येई. रेडीमिक्सवाल्यांची तक्रार आम्ही वेगळी केली, वेगळ्या कागदावर. एकाच अर्जात दोघांना गुंफलं असतं तर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवत वर्षभर बसले असते.

पण रोज नाही! ही गोष्ट आम्हाला आठवडाभर छळत होती. दुपारी ओहोटी पाहून जायचो तर दुसरा फाटाही कधी निर्मळ, कधी किंचित अंधूक. खिडकीतली ती काळी-राखाडी बाटली भरली तेव्हा आम्ही चुकून सकाळी लवकर गेलो होतो.

टपरीचं घड्याळ

नाल्याकाठच्या चहाच्या टपरीवाल्या ताईंनी सांगितलं ते असं: "साडेसहा-सातला चुन्यासारखं येतं. नऊ वाजेपर्यंत साफ. रविवारी नसतं." त्या पहाटे सहाला दुकान उघडतात. तीन वर्षं रोज त्या नाल्याकडे तोंड करून बसलेल्या. त्यांना याआधी कुणी विचारलंच नव्हतं.

टपरीपासून वरच्या संशयित जागेपर्यंत नाल्याच्या काठाने अंतर सुमारे २६०० मीटर. प्रवाहाचा वेग काढायला आम्ही नारळ सोडला. वीस मीटर अंतर, ४८ सेकंद, तीन वेळा करून सरासरी. पृष्ठभाग वेगाने धावतो, तळ अडखळतो, म्हणून पृष्ठभागाच्या वेगाला ०.८५ ने गुणतात. सेकंदाला साधारण ३५ सेंटिमीटर. २६०० मीटरला दोन तास. टपरीपाशी सातला राखाडी, म्हणजे वर पाचला सोडलेलं. नऊला साफ, म्हणजे वर सातला बंद.

पाच ते सात. या वेळेत खाण चालत नाही, सुरुंग उडत नाही, डंपरही नीट सुरू झालेले नसतात. मग काय चालतं?

डोंगराच्या पायवाटेवरून एका पहाटे आम्ही खाली पाहिलं. कुंपणाच्या आत जायचं नाही, हे आधीच ठरलेलं. सार्वजनिक वाटेवरून दिसतं तेवढंच बघायचं. आणि जे दिसलं त्याने सगळ्यांचा समज उलटापालटा केला. ज्या मोठ्या कापलेल्या भिंतीकडे अख्खा कोळीवाडा बोट दाखवत होता ती खाण केव्हाची थांबलेली होती. तिच्या खड्ड्यात पावसाचं पाणी साठलेलं, हिरवं-निळं, आरशासारखं नितळ. थांबलेली खाण ही प्रत्यक्षात या परिसरातली सगळ्यात मोठी गाळटाकी होती. डोंगरावरून येणारी माती तिच्यात उतरून बसत होती.

त्या खड्ड्यातून पंपाने पाणी उचललं जात होतं, आणि ते जात होतं खालच्या, दगड फोडणाऱ्या क्रशरशेजारच्या वाळू धुण्याच्या प्लांटला.

नदी-खाडीतल्या रेतीवर निर्बंध आल्यापासून बांधकामाला क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, लागते. दगड फोडताना खडीसोबत बारीक कच आणि पिठासारखी डस्ट निघते. काँक्रीटमध्ये थोडी डस्ट चालते, प्लास्टरवाल्यांना ती नको असते, पृष्ठभागाला भेगा जातात म्हणून. मग वाळू धुतात. ७५ मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक जे असेल ते पाण्याबरोबर निघून जातं. ग्राहकाला धुतलेली वाळू मिळते आणि धुणं नाल्याला मिळतं.

प्लांटला गाळटाक्या होत्या, एकामागे एक तीन. वरून पाहिलं तर तिन्ही काठोकाठ राखाडी लापशीने भरलेल्या. टाकीत पाणी उभं राहायला जागाच नव्हती, तर गाळ बसणार कुठे? रात्रपाळीचं धुणं संपलं की दिवसाच्या कामासाठी जागा करायची म्हणून पहाटे खालची झडप उघडत. तिसऱ्या टाकीच्या कोपऱ्यातून निघालेला पाइप ओढ्यात उतरत होता.

पूड कुठे बसते

प्लांटच्या व्यवस्थापकाशी पुढे बोलणं झालं तेव्हा ते म्हणाले, "आमच्या दारात बघा, ओढ्यात गाळ आहे का? नाही. मग खाडीत कसा जाईल?" हा बिनतोड वाटणारा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर सुरेख आहे.

पाण्यात कण किती वेगाने खाली जातो ते त्याच्या व्यासाच्या वर्गावर ठरतं. बेसाल्टचा दहा मायक्रॉनचा कण मीटरभर स्थिर पाण्यातून उतरायला साधारण दोन तास घेतो. एक मायक्रॉनच्या कणाला आठ-नऊ दिवस लागतात. व्यास दहापट कमी, वेळ शंभरपट जास्त. वाहत्या नाल्यात तर तो बसतच नाही. त्यामुळे प्लांटच्या दारातला ओढा स्वच्छ दिसतो. भरड कण तेवढे वळणांवर राहतात.

हीच पूड खाऱ्या पाण्याला भेटली की गोष्ट बदलते. गोड्या पाण्यात बारीक कणांवरचा विद्युतभार त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतो. मिठामुळे हा दुरावा संपतो, कण गोळा होतात, गोळे जड होतात आणि झपाट्याने तळ गाठतात. आम्ही दोन बरण्यांत तेच राखाडी पाणी घेतलं, एकीत चार चमचे मीठ घातलं. तासाभरात मिठाची बरणी वरून निवळायला लागली, दुसरी दुसऱ्या दिवशीही दुधाळ होती. ही बरणी आम्ही पुढे प्रत्येक बैठकीत नेली. तक्त्यांपेक्षा तिने जास्त काम केलं.

म्हणजे गोड्या आणि खाऱ्या पाण्याची गाठ जिथे पडते, त्यात झडप बंद होऊन पाणी जिथे थांबतं, नेमकं तिथेच तीन किलोमीटर वरचं दळण येऊन बसतं. ज्याच्या दारात घाण दिसत नाही त्याने ती टाकली, आणि ज्यांच्या दारात दिसते ते तिच्याशी संबंध नसलेले. किती बसत असेल? प्रवाह अखंड मोजता आला नाही म्हणून ठाम आकडा देत नाही, पण हिशेबाची रीत अशी: समजा रोज वीस हजार लिटर सोडलं आणि लिटरला पन्नास ग्रॅम पूड असली, तर रोजचा एक टन. तीनशे दिवसांचे तीनशे टन.

कागद

नागरिकाने भरलेली बाटली कोर्टात चालत नाही, हे आम्हाला माहीत होतं. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे नमुना घेण्याची रीत ठरलेली आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अधिकारी घेणार, तसं जागच्या माणसाला कळवणार, त्याने मागितलं तर नमुन्याचे दोन भाग करणार, सील करून दोघांच्या सह्या घेणार. ही रीत चुकली तर अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून उभा राहत नाही. आमच्या बाटल्यांचा उपयोग एवढाच होता की अधिकाऱ्याने कुठे आणि किती वाजता उभं राहायचं ते सांगणं. माझ्या मते नागरिकांच्या तपासाचं खरं काम हेच आहे आणि ते कमी नाही.

तोवर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून त्या जागेला मंडळाने दिलेली संमतिपत्रं मागवली. क्रशरला संमती होती. त्यात उद्योगाच्या सांडपाण्यापुढे लिहिलं होतं: निरंक. धुळीवर पाणी मारण्यापुरता वापर, बाकी कोरडी प्रक्रिया. वाळू धुण्याचा प्लांट कागदावर अस्तित्वातच नव्हता. या एका शब्दाने आमचं ओझं निम्मं केलं. लिटरमागे १०० मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडली की नाही हा वाद नंतरचा. ज्याच्याकडे सोडायची परवानगीच नाही त्याने थेंब सोडला तरी प्रश्न येतो.

त्यांच्या वकिलांनी खुलाशात लिहिलं की हे गटार आहे, ओढा नव्हे, आणि सार्वजनिक गटाराला ६०० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. ती मुभा शुद्धीकरण केंद्राकडे जाणाऱ्या मलवाहिनीसाठी असते. हा नाला कुठल्याही केंद्राकडे जात नाही, सरळ खाडीत जातो. आणि कायद्यात 'प्रवाह' या शब्दाची व्याख्या ऐसपैस आहे. नदी, जलमार्ग, मग तो सध्या कोरडा का असेना, नैसर्गिक वा कृत्रिम अंतर्देशीय पाणी, समुद्र आणि भरतीचं पाणीही. काँक्रीट ओतल्याने ओढ्याचं गटार होत नाही.

दोन भेटी

पहिली पाहणी सकाळी अकराला झाली. नाला नितळ. अधिकाऱ्यांचा स्वर साहजिकच थंड. त्यांच्यावर राग धरण्यात अर्थ नव्हता. एका माणसाकडे शेकडो कारखाने असतात आणि सरकारी गाडी पहाटे चारला निघत नाही.

आम्ही दुसरं पत्र एका पानाचं लिहिलं. त्यात आरोप नव्हते. एकवीस दिवसांच्या नोंदींचं कोष्टक होतं: तिथी, वेळ, जागा, नळीतला आकडा. खाली एकच विनंती, कामाच्या कुठल्याही दिवशी पहाटे साडेपाच ते साडेसहा, तिसऱ्या टाकीचा पाइप आणि त्याच्या वरचा ओढा. वरचा ओढा महत्त्वाचा, कारण तिथे पाणी स्वच्छ असेल तर मधे दुसरं कुणी नाही हे सिद्ध होतं. दोन आठवड्यांनी अधिकारी आले. आम्हाला आधी कळवलं नाही, आणि ते योग्यच केलं. नमुना रीतसर घेतला गेला. अहवालात पाइपच्या पाण्यातल्या निलंबित घनांचा आकडा पाच अंकी होता, वरच्या ओढ्याचा दोन अंकी.

त्याच जल कायद्याच्या कलम ३३ अ खाली वाळू धुणं थांबवण्याचे निर्देश निघाले. खाणपट्टा गौण खनिजाचा, म्हणून एक प्रत महसूल खात्याकडेही गेली. हरित न्यायाधिकरणात जाण्याची तयारी ठेवली होती, कारण तिथे तक्रारीचं कारण घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत असते आणि ती कुणासाठी थांबत नाही. जावं लागलं नाही. प्लांटने पाणी पुन्हा वापरायची व्यवस्था आणि गाळ दाबून वड्या करणारा फिल्टर प्रेस बसवायचं कबूल केलं, तोवर धुणं बंद. टपरीवाल्या ताईंनी फोन करून सांगितलं की सात वाजलेत आणि नाल्याचा तळ दिसतोय.

जून

पहिल्या मोठ्या पावसात नाला पुन्हा राखाडी झाला. लाल नव्हे, राखाडी.

आम्ही धावत वर गेलो. धुणं बंदच होतं. चूक आमची होती. निर्देश निघाले तेव्हा टाक्या रिकाम्या करून तो सगळा गाळ प्लांटमागच्या उतारावर ढीग करून टाकला होता. एप्रिल-मेच्या उन्हात तो कडक झालेला, वरून पांढरट कवच आलेलं. पायवाटेवरून आम्ही त्याच्याकडे चार वेळा पाहिलं आणि खडीचा साठा समजून सोडून दिलं. पाण्याच्या मागावर इतके होतो की कोरड्या गाळाचं काय होणार हे कुणी विचारलंच नाही. निर्देशातही त्याबद्दल ओळ नव्हती, कारण आमच्या पत्रात नव्हती.

ढिगाला खालून दगडी बांध घालावा आणि पाऊस उघडताच तो जुन्या खाणीच्या खड्ड्यात, पाणी उपसून, परत भरावा असं आम्ही सुचवलं. बांध जुलैत झाला. खड्ड्याचा प्रश्न जमिनीच्या मालकीवर अडला आहे, पत्रव्यवहार सुरू आहे.

नाल्याच्या तोंडाशी बसलेला जुना थर तसाच आहे. तो यंत्राने उपसायचा तर तिवरं तुटतील, आणि २०१८ च्या उच्च न्यायालयाच्या निकालानंतर कांदळवनाला हात लावायचा तर सार्वजनिक हिताचं कारण दाखवून न्यायालयासमोर जावं लागतं. थर आपोआप हलतो का, हे पाहायला पुतण्याने पाच बांबू रोवले आहेत, प्रत्येकावर सेंटिमीटरच्या खुणा. दर अष्टमीला दुपारी तो होडीतून जाऊन आकडे घेतो. दोन बांबूंपाशी चिखल थोडा उतरला आहे, दोन जसेच्या तसे आहेत, आणि पाचवा कुणीतरी जाळं बांधायला उपटून नेला.